लागवड तोंडावर आली आणि कंबर धरली

पत्र

नमस्कार. मी निफाड तालुक्यातली शेतकरीण, वय ४४. घरचं अडीच एकर रान आहे. त्यात उन्हाळ कांदा घेतो, पावसाळ्यात मका नि सोयाबीन. घरचं आवरलं की टोळीबरोबर दुसऱ्यांच्या लागवडीलाही जाते. चार वर्षांपासून कंबर दुखते. लागवडीच्या दिवसांत संध्याकाळी वाफ्यातून उठले की सरळ होता येत नाही, थोडा वेळ तशीच वाकून चालते. उकिडवं बसून उठताना उजवा गुडघा कळ मारतो. वर्षभरापासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. मेडिकलमधून गोळी आणते, ती घेतली की दिवस निघतो. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून ‘मणक्यात गॅप आहे, वाकायचं काम बंद करा’ असं सांगितलं. शेजारच्या बाई म्हणतात, पिशवीमुळे कंबर दुखते, काढून टाक, मोकळी होशील. घरात म्हणतात, सगळ्याच बायकांचं दुखतं. महिन्यावर लागवड आली आहे. काम बंद करा असं कृपा करून सांगू नका, ते जमणार नाही. दुसरं काय करता येईल ते सांगा.

— एक वाचक, जि. नाशिक

उत्तर

ताई, काम बंद करा असं मी सांगणार नाही. अडीच एकरांवर घर चालवणाऱ्या बाईला तसं सांगणं म्हणजे तिला रिकाम्या हाताने परत पाठवणं आहे. गेली अनेक वर्षं मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. कांद्याच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक तुमच्यासारखंच सांगतात: कंबर, उजवा गुडघा, उजवा हात.

म्हणून घरच्यांच्या ‘सगळ्याच बायकांचं दुखतं’ या वाक्यापासूनच सुरुवात करते. ते खरंच आहे. पण एका टोळीतल्या सगळ्या बायकांचं एकाच जागी दुखत असेल, तर कारण त्यांच्या वयात किंवा नशिबात शोधून सापडणार नाही. ते कामात आहे, काम ज्या पद्धतीने मांडलंय त्यात आहे. आणि कामाची मांडणी बदलता येते. गोळी आणि व्यायाम त्याच्यानंतर.

थोडा हिशोब करू. कांद्याची लागवड १५ बाय १० सेंटिमीटरवर करायची शिफारस आहे. त्या अंतराने, बांध-पाट वजा केले तरी, एकरी अडीच लाखांच्या आसपास रोपं बसतात. एकेक रोप डाव्या हातातल्या जुडीतून सुटं करायचं, उजव्या हाताच्या अंगठ्याने ओल्या मातीत दाबायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. हे सगळं ओणवं होऊन नाहीतर उकिडवं बसून. अडीच लाख वेळा. टोळीत दहा जणी असल्या तरी वाट्याला पंचवीस हजार येतात, तेही एका एकराचे. शरीर याबद्दल तक्रार करणारच.

कमरेत नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय का सांगतेय ते पटेल. आपण थोडं वाकतो तेव्हा पाठीचे स्नायू धरून ठेवतात. पूर्ण ओणवं झालं की हे स्नायू जवळजवळ काम सोडून देतात आणि धडाचा सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे लिगामेंटवर येतो. वाकलेलं असताना दुखत नाही, उठताना दुखतं, त्याचं कारण हेच. त्या पट्ट्या ताणल्या जातात आणि लगेच आखडून पूर्ववत होत नाहीत. वीस मिनिटं सलग ओणवं राहिलं तर नंतर अर्ध्या तासानेही त्या पुरत्या सावरलेल्या नसतात. तेवढा वेळ मणके नीट आवळून धरणारं काही नसतं. आणि नेमक्या त्याच वेळी आपण काय करतो? वाफ्यातून उठतो आणि रोपांची भरलेली पाटी उचलतो. कंबर ‘भरून’ येण्याचे, उसण भरण्याचे प्रकार बहुतेक असेच होतात. तेव्हा पहिला नियम हा की ओणव्यातून उठल्यावर लगेच वजन उचलायचं नाही. आधी दोन-तीन मिनिटं उभं राहायचं, थोडं चालायचं, पाणी प्यायचं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. दर वीस मिनिटांनी उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि हळू पाच वेळा मागे वाकायचं. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. घड्याळाकडे बघायला जमणार नाही, म्हणून वाफ्यावर ठरवा. तुमचा वाफा साधारण किती वेळात संपतो ते एकदा पाहा आणि त्यावरून वाफा संपला की, नाहीतर अर्ध्यावर आलं की उठायचं.

मला माहीत आहे, इथे अडचण शरीराची नसते, उक्त्याची असते. एकरावर पैसे ठरलेले असले की जी उठते तिच्याकडे बाकीच्या बघतात. म्हणून हे एकटीने करू नका, टोळीत बोला. टोळीत एक-दोघी रोपं वाटायला असतात. त्या उभ्या असतात, चालतात. हे काम बहुतेक ठिकाणी वयस्क बाईला किंवा मुकादमाच्या नात्यातल्या बाईला दिवसभरासाठी देऊन टाकतात. ते तासातासाने फिरतं ठेवा. प्रत्येकीच्या कमरेला दिवसातून एक-दोनदा तासभर सुटका मिळेल आणि लागवडीचा वेग कमी होणार नाही. उलट दुपारनंतर जो मंदावतो तो टिकतो. मुकादमाला सांगताना हेच सांगा, त्याला ते कळतं.

तुमच्या स्वतःच्या रानात तर तुमचा शब्द चालायला हवा. तिथे यंदा सपाट वाफ्याऐवजी गादीवाफे करता येतात का बघा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आहे ती १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच गादीवाफ्याची, मध्ये ४५ सेंटिमीटरची सरी. ती दिली आहे ठिबक, निचरा आणि उत्पन्नासाठी. मी तिच्याकडे कमरेच्या नजरेने बघते. सरीत बसून दोन्ही बाजूंनी लावता येतं. चिखलात पाय रुतत नाहीत आणि माती अर्धी-पाऊण वीत तरी वर येते. दिवसातून काही हजार वेळा वाकणाऱ्या कमरेला एवढी उंचीही कळते. खुरपणीलाही तीच सोय. पेरणी यंत्राने थेट कांदा पेरणारे शेतकरीही आता आहेत. तुमच्या जमिनीत आणि तुमच्या पाण्यावर ते कितपत बसेल, हे कृषी सहायकाला विचारा. तो माझा विषय नाही.

आता बसण्याबद्दल. पूर्ण उकिडवं बसलं की गुडघा शेवटपर्यंत मुडपतो आणि वाटीच्या मागे, सांध्याच्या मागच्या भागात दाब सगळ्यात जास्त येतो. तासन्‌तास तसंच बसून पुढे सरकायचं म्हणजे त्याच दाबावर गुडघा फिरवायचा. कोरियातल्या शेतकरी बायका यासाठी एक साधी वस्तू वापरतात: जाड फोमची गोल गादी, पट्ट्यांनी मांड्यांना-कमरेला बांधलेली. उठलं की ती अंगाबरोबर उठते, बसलं की खाली येते. दोन्ही हात मोकळे. आपल्याकडे ती घरी करता येते. जुन्या गादीचा किंवा सोफ्याचा कडक फोम घ्या, बसल्यावर दबूनही वीतभर उंच राहील इतका जाड. त्यावर खताच्या गोणीचं प्लास्टिक शिवा म्हणजे ओल लागणार नाही, आणि दोन रुंद पट्टे लावा. साडीवर बांधायला अवघड जातं असं काही जणी सांगतात. वरून नवऱ्याचा जुना शर्ट तुम्ही घालत असालच, त्याच्यावरून कमरेचा पट्टा बांधा. पहिल्या दिवशी बायका हसतील. हसू द्या. गुडघा पूर्ण मुडपला नाही की संध्याकाळी उठताना फरक जाणवतो.

अवजार लांब करायची गोष्टही इथेच सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या भाजीपाल्याच्या शेतांवर मजुरांना आखूड दांड्याची कुदळ वापरायला लावत. दांडा जेमतेम हातभर, त्यामुळे दिवसभर कमरेत दुमडून काम. मालकांचं म्हणणं होतं की त्याशिवाय काम नीट होत नाही. मजूर उभा दिसला की काम थांबलंय हे लांबून कळायचं, हाही त्यांचा फायदा होता. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनी तरुणपणी त्याच कुदळीने काम केलं होतं आणि कंबरदुखीने त्यांची पाठ पुढे कधी सोडली नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कुदळ असुरक्षित अवजारात धरली आणि तिचा वापर बंद झाला. लांब दांड्याच्या कुदळीनेही पिकं येतच राहिली.

आपलं खुरपं त्याहूनही आखूड आहे. कांद्यात दोन ओळींत जागाच नसते, तिथे हातानेच निंदावं लागतं, हे मान्य. पण तुमच्या मक्यात आणि सोयाबीनमध्ये खुरपं घेऊन बसायचं कारण नाही. तिथे सायकल कोळपं चालतं. उभं राहून ढकलायचं असतं, गावातला लोहारही करून देतो. घेताना एकच बघा, मूठ तुमच्या कोपराच्या थोडी खाली यायला हवी. बहुतेक कोळपी पुरुषांच्या उंचीची असतात आणि मग बायका ‘यानेही खांदे दुखतात’ म्हणून ती कोपऱ्यात ठेवतात. दांडा कापून घ्या.

मोठी यंत्रं घ्यायची झाली तर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, ठरलेल्या मर्यादेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. मात्र सातबारा अर्जदाराच्या नावावर लागतो. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर पतीच्या संमतीने लावता येतं. लक्ष्मी मुक्ती योजनेचा शासन निर्णय १९९२ सालचा आहे, तलाठ्याकडे चौकशी करा. कंबरेच्या पत्राला हे उत्तर विचित्र वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. अवजारावर पैसे कधी घालायचे हे जिच्या हातात नसतं, तिचं अवजार सगळ्यात शेवटी बदलतं.

काढणीचे दिवस आले की वेगळी दुखणी सुरू होतात. कांदा उपटायचा, पात कापायची, भरायचा, साठवणीच्या चाळीत न्यायचा. पात कापायला जमिनीवर मांडी घालून बसता, ढीग पुढ्यात असतो आणि प्रत्येक कांद्यासाठी वाकता. दोन क्रेट पालथे घालून त्यांवर फळी टाका, ढीग त्यावर घ्या आणि स्वतः तिसऱ्या क्रेटवर बसा. कांदा हाताशी येईल. ५० किलोची गोणी दोघांनी उचलावी, एकटीच्या पाठीवर कुणी देऊ नये. चाळीत न्यायला क्रेट बरे, तेही अर्धे भरून. वजन उचलताना ते पोटाशी घेऊन उचला. तेच वजन हात लांब करून उचललं तर कमरेवर कितीतरी जास्त ताण येतो.

विळा किंवा कात्री बोथट असली की मनगट जास्त दाबावं लागतं. तुमच्या हाताच्या मुंग्यांचा याच्याशी संबंध असावा. मुंग्या अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेच्या मधल्या बोटाकडच्या बाजूला येत असतील, करंगळी मोकळी असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात शीर दाबली जात आहे. धार रोज लावा. कात्रीच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करा, पकडायला जोर कमी लागतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा, तो मेडिकलमध्ये मिळतो. सहा आठवड्यांत मुंग्यांत फरक पडला नाही, किंवा ब्लाऊजचं हूक लावताना बोटं ऐकेनाशी झाली, अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसला, तर डॉक्टरांकडे जा. थांबलात तर शीर कायमची दुखावते. रक्तातली साखर आणि थायरॉईडही तपासून घ्या, दोन्हींमुळे हा त्रास होतो.

एक गोष्ट शेतातली नाही पण तिच्यावाचून बाकी सगळं फुकट जाईल. रात्रभर आडवं झोपल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी उठल्यावरचा पहिला तासभर वाकणं कमरेला सगळ्यात जड जातं. आणि आपल्या घरांत बाईची सगळी वाकायची कामं त्याच तासात असतात. अंगण झाडणं, शेण काढणं, धार काढणं, चुलीपुढे बसणं. शेतात जाण्याआधीच कंबर थकते. खराट्याला लांब काठी बांधा. धार काढायला उंच पाट किंवा स्टूल घ्या. चूल किंवा गॅस ओट्यावर घ्या. आणि शेण काढायचं काम लागवडीचे दिवस तरी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. हे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवा. दादा, तुम्ही ऐकत असाल तर तुम्हालाच सांगते: दिवसभर वाफ्यात ओणवं राहणाऱ्या माणसाने पहाटे पुन्हा गोठ्यात ओणवं राहायचं, यात तिची कंबर बरी व्हायला वेळच उरत नाही. औषधाच्या खर्चापेक्षा हे स्वस्त आहे.

आता गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण मेडिकलमधून मिळणारी आणि ‘दिवस काढणारी’ गोळी बहुतेक डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक असते. तुम्हाला बीपी आहे, म्हणून हे नीट वाचा. या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात आणि मूत्रपिंडाला जाणारा रक्ताचा पुरवठा घटवतात. त्यात उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडलेलं असलं तर धोका आणखी वाढतो. उपाशीपोटी घेतली तर जठराला व्रण पडतात. गिधाडं नाहीशी झाली ती याच डायक्लोफिनॅकने. औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचं शरीर ते गिधाडापेक्षा कितीतरी चांगलं बाहेर टाकतं, घाबरवायला सांगत नाही. पण महिनोन्‌महिने, कुणाला न विचारता, बीपीच्या गोळीसोबत घ्यायचं हे औषध नव्हे.

पॅकेट घेऊन बीपीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि दाखवा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते यावरून कळतं) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दुखलं तर आधी पॅरासिटामॉल, ५०० ची, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मेडिकलच्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा दोन्ही एकदम घेऊ नका. यकृताचा त्रास असेल तर तीही विचारूनच. गुडघ्यावर आणि मनगटावर चोळायचं मलम चालेल, त्यातलं फार थोडं रक्तात जातं. गरम पाण्याची पिशवी संध्याकाळी पंधरा मिनिटं.

आणखी एक विचारायचं आहे. गावातून सुट्या पुड्या बांधून मिळतात, एका दिवसात सगळं दुखणं पळवणाऱ्या, त्या कधी घेता का? अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. चेहरा सुजल्यासारखा गोल होणं, भूक वाढणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे त्याचे परिणाम. घेत असाल तर एकदम बंद करू नका. अनेक आठवडे घेतलेलं स्टेरॉईड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

पिशवीबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण या सल्ल्याने आपल्या राज्यात फार बायकांचं नुकसान झालं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी करायला २०१९ साली सरकारने समिती नेमली होती. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. त्यांतल्या कित्येकींचं दुखणं कंबरेचं, ओटीपोटाचं, पांढरं जाण्याचं होतं. ज्यांची कंबर मोळ्या उचलून दुखत होती, त्यांची पिशवी काढल्यावरही ती दुखतच राहिली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे परिणाम अचानक, वेळेच्या आधी येतात आणि हाडं लवकर विरळ होतात. म्हणजे आधीच झिजणाऱ्या अंगाला आणखी एक मार.

तुमची कंबर वाकल्यावर वाढते, आडवं झाल्यावर कमी होते, लागवडीत जास्त आणि मधल्या दिवसांत कमी असते. हे कामाचं दुखणं आहे. पिशवीच्या काही आजारांत कंबर दुखते हेही खरं. पाळीत अंगावरून खूप जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, अंग बाहेर येत असेल किंवा दुखणं पाळीच्या तारखांबरोबर वर-खाली होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा आणि सोनोग्राफी करा. ऑपरेशन सांगितलंच तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या, घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

‘मणक्यात गॅप’ ऐकून तुम्ही घाबरलात हे पत्रातून कळतं. चाळिशीनंतर मणक्यांमधल्या चकत्या थोड्या झिजतातच. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा कित्येकांच्या फोटोतही ते दिसतं. फोटोत गॅप आहे म्हणून तुम्ही कायमच्या अपंग होणार, असं अजिबात नाही. पडून राहण्यानेही ते भरून येत नाही. हालतं राहणं हेच कमरेचं औषध आहे, पण एकाच स्थितीत तासन्‌तास नको.

व्यायाम दोनच सांगते, कारण पाच सांगितले की एकही होत नाही. रात्री झोपण्याआधी पाठीवर झोपून गुडघे मुडपा, पाय जमिनीवर टेकवा आणि कंबर-बूड वर उचलून पाच आकडे धरा. दहा वेळा. याने कुल्ल्याचे स्नायू बळकट होतात आणि वाकताना कमरेऐवजी ते भार घेतात. दुसरा गुडघ्याचा. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, गुडघा तिच्यावर दाबून मांडी कडक करा, पाच आकडे, दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. लागवडीला महिना आहे. आजपासून रोज केलेत तर लागवडीला उतरताना मांडीत जोर आलेला असेल.

काही लक्षणं दिसली तर मात्र लागवड असो की काढणी, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, पाऊल उचलताना पंजा लोंबणं. यात शिरा दाबल्या गेलेल्या असतात आणि तास मोजले जातात. कमरेबरोबर संध्याकाळी ताप, वजन घटणं, झोपल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी हवी. तो आपल्याकडे अजून पुष्कळ सापडतो आणि वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो.

बाकी तपासण्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर तज्ज्ञांशी बोलताही येतं. गुडघ्याचा एक्स-रे सांगितला तर तो झोपून काढू नका. उभं राहून, दोन्ही गुडघ्यांचा एकत्र काढायला सांगा. अंगाचा भार पडल्यावरच सांध्यात खरी जागा किती उरली आहे ते दिसतं आणि ऑपरेशनची भाषा कुणी करत असेल तर ती कितपत खरी आहे, हे ठरवायला त्याच फोटोची मदत होते.